निबर हात

३ मार्च, सोमवार

बोटं मिटत नाहीत! सकाळी कपाचा कान धरता येईना. शेवटी ओंजळीत धरून चहा प्यायले. डावा हात जास्त वाईट – अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत ठणका.

दवाखान्याने मोटरसायकल दिली त्याला पंधरवडाही झाला नाही. डोंगरावरच्या गरोदर बायकांपर्यंत पोचायचं तर गाडीच हवी, हे मीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. आता बसलेय हात चोळत.

त्यांतल्या नंदुदूचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला पाहिलं तेव्हा बाळ आडवं होतं. ते फिरलं की नाही, हे या हातांनीच चाचपून बघायचंय.

४ मार्च

मामाची आठवण येते. नको तेव्हा.

त्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटं आखडली. आई म्हणायची, कॉफी खुडून खुडून झालंय. मग त्याची थाळी वेगळी झाली. मग तोच वेगळा झाला – केळीच्या बागेपलीकडे झोपडी. मी लपून जायचे, त्याच्याच थाळीत जेवायचे. बांबूच्या कोंबांची मलेवा त्याच्यासारखी कुणी केली नाही, शेंगदाण्याचा कूट अगदी सढळ हाताने.

कुष्ठरोग. लिहिलं एकदाचं. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसतो. आता गोळ्या आहेत, वेळेत सापडला तर हात वाचतात – हे मी लोकांना शिकवते. स्वतःला मात्र ते पटवता येत नाही.

५ मार्च

या रोगात आधी स्पर्श कळेनासा होतो. खिडकीत दोऱ्याने कापसाचा बोळा टांगला. डोळे मिटून खाली हात धरला. वारा आला की बोळा बोटाला लागायला हवा.

लागला. पण प्रत्येक वेळी लागला का? वारा काही सांगत नाही. कुणाला विचारायची हिंमत नाही. नर्सबाईलाच हा रोग झाला म्हटल्यावर कोण बाळंतपणाला हात लावू देईल?

६ मार्च

दवाखान्याखालच्या फाट्यावर बोडावाले बसतात, मोटरसायकलवरून माणसं ने-आण करणारे. वामिंबीदादा त्यांच्यातले सगळ्यात जुने. मला गाडी त्यांनीच शिकवली.

तिथली एक रीत आहे. नव्या माणसाने निखाऱ्यावरचं भाजकं केळं उघड्या हाताने उचलायचं. हात मागे घेतला तर तो अजून कुक्कुलं बाळ! आज माझी पाळी होती. मी घेतला मागे. सगळे खो खो हसले. वामिंबीदादांनी सावकाश दोन केळी उचलली, सोलली, एक मला कागदावर दिलं.

"नव्याचे हात दुखतात, सिस्टर. जुन्याचे निबर होतात. माझ्या हातांना आता काही कळतच नाही."

हेवा वाटला त्यांचा. करंगळीला चिंधी बांधलेली दिसली. म्हटलं, या वर, ड्रेसिंग करते. तर म्हणाले, राहू द्या, दुखत नाही. मला माझ्याच हातांची पडली होती. राहू दिलं.

८ मार्च

नंदुदूकडे गेले. पोटावर हात ठेवले आणि बोटांना नुसत्या मुंग्या! डोकं कुठे, पाठ कुठे, काही उमगेना. दोनदा चाचपलं. तिची सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. सिस्टर, परत परत काय बघताय, म्हणाली. हात गारठलेत, असं सांगितलं.

उतारावर हँडल आणखीच घट्ट धरलं. बाळ आडवंच असलं आणि मला कळलं नाही तर? दोन जीव जातील. माझ्या या दोन हातांपायी.

९ मार्च

राहवलं नाही. वामिंबीदादांना विचारलं – फक्त दुखण्याचं, बाकी काही नाही. ते मागे बसले आणि म्हणाले, चला, उतरा डोंगर.

निम्म्यातच त्यांनी थांबवलं. इंजिन बंद, क्लच दाबलेला, असंच सगळा उतार उतरते मी. पेट्रोल वाचतं. खाली पोचल्यावर क्लच सोडला की गाडी आपोआप सुरू होते. फाट्यावरचे सगळे हेच करतात, बघून बघून शिकले.

"अख्खा डोंगर डाव्या मुठीत धरून उतरता, आणि मूठ दुखते म्हणता? आम्ही गाढवपणा करतो म्हणून तुम्हीही करायचा? गाडी गियरमध्ये ठेवा. क्लचवर नुसती दोन बोटं. आणि हँडल म्हणजे पळून जाणारी कोंबडी नव्हे, सैल धरा."

एवढंच? नुसतं एवढंच असेल?

१० मार्च

दुखतंय. पण कमी. विश्वास ठेवायची भीती वाटते.

१३ मार्च

कपाचा कान धरला!

नंदुदूच्या बाळाचं डोकं खाली आलंय. गोल, टणक, हाताखाली नारळासारखं स्पष्ट लागलं. सासूने अंडी दिली. परत येताना रस्त्याकडेला गाडी लावून पोटभर रडले. मामा, तुझ्या थाळीचं काही लागलं नाही रे मला.

खिडकीतला बोळा सोडून कपाटात ठेवला.

१४ मार्च

वामिंबीदादांसाठी मलेवा करून नेली. ते नुकतेच लांबची फेरी करून आले होते. खाता खाता डावा हात गाडीच्या सायलेन्सरवर टेकवला. मला चर्र ऐकू आलं. मग वास. ते मात्र कूट सढळ पडलाय म्हणून कौतुक करत होते. मीच त्यांचा हात ओढून काढला.

फाट्यावर टाळ्या पडल्या. याला म्हणतात हात, कुणीतरी ओरडलं. वामिंबीदादाही हसले. मला हसता येईना. उद्या दवाखान्यात याच, असं सांगून आले.

१५ मार्च, शनिवार

आले. वामिंबीदादांच्या करंगळीची चिंधी सोडली. डोळे मिटून बसवलं. कापूस लागला की 'हो' म्हणा, असं सांगितलं.

करंगळी. शेजारचं बोट. तळव्याची कड. परत करंगळी, जरा दाबून.

"करा ना सुरू, सिस्टर," ते डोळे मिटूनच म्हणाले. "लोक खोळंबलेत फाट्यावर."