रद्द झालेल्या सुट्टीचे पाव

स्केगन, वृद्धाश्रम

चि. ट्रोल्स यास आईचा आशीर्वाद. आई म्हणजे मीच, आठवतेय ना?

मला आता अक्षर दिसत नाही, म्हणून इथली परिचारिका बिर्टे लिहितेय. मी मजेत आहे. गुडघा तेवढा माझ्यासारखाच कुरकुरतो.

प्रार्थनादिनाच्या आदल्या संध्याकाळी दोन ताटल्या मांडून बसले होते. दरवर्षी तू त्या सुट्टीला कोपनहेगनहून वेलदोड्याचे पाव घेऊन येतोस. बिर्टे म्हणाली, “आजी, सरकारनं ती सुट्टी रद्द केली. तो कामावर असेल.”

मी म्हटलं, “सुट्टी रद्द केली गं, आई कुठं केलीय?”

माझी नात सिग्ने चालायला लागली का?

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी अजून शिल्लक आहे, तेव्हा ये. जमणार नसेल तर पाव टपालानं पाठव. पण एकच पाठव. दुसरी ताटली मी स्वयंपाकघरात परत दिलीय.