मनगटातली पावडर

६ ऑगस्ट
उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुन्हा सुन्न. दुकानात एका नवरीच्या हातात भरताना लाखेच्या बांगड्यांचा अख्खा जोड फुटला. तिची आई म्हणाली, "मियाँ, बांगड्या भरताय की फोडताय?" इतकी वर्षं कॅरम खेळल्यावर बोटं थकणारच. चॅम्पियन लोकांचा आजार आहे हा. चॅम्पियन अजून झालो नाही, आजार आधी आला, एवढंच. डिसेंबरात मोहल्ल्याची स्पर्धा. यंदा मेहुणा मुजफ्फर गेला कामातून.

९ ऑगस्ट
बेगमने बळेच दवाखान्यात नेलं. बाकावर दोन गरोदर बायका, दोघींच्याही बोटांना मुंग्या. मधे मी. बेगमने सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला कितवा?" दोघी इतक्या हसल्या की नर्स धावत आली.
डॉ. सुगुणा म्हणाल्या, मनगटात एक बोगदा असतो, त्यातून जाणारी नस दाबली गेलीय. पण मनगटावर ही गाठ कसली? मटण किती खाता? मनगटाचा आणि मटणाचा काय संबंध, मला कळेना. म्हणालो, बेताचं. बेगमला ठसका लागला.

१४ ऑगस्ट
रिपोर्ट आले. युरिक ॲसिड भरपूर. डॉक्टरांच्या मते हा गाउट, ते ॲसिड सांध्यात साठून होतो तो. एरवी पायाच्या अंगठ्याला धरतो, माझ्या मनगटात जाऊन बसलाय. म्हणाल्या, असं क्वचितच बघायला मिळतं. क्वचित! घरी येईपर्यंत छाती फुगलेली. ऑपरेशन करावं लागेल. गोळ्या चालू, कलेजी, भेजा, पाया बंद. निश्चय: उद्यापासून कडक पथ्य.

१५ ऑगस्ट
सुट्टी. निश्चय उद्यापासून.

२० ऑगस्ट
मुजफ्फरकडे दावत. मरग प्यालो. मरग म्हणजे सूप, आणि आजाऱ्याला सूपच देतात. त्यातली हाडं चोखली, पण हाड म्हणजे काही मटण नव्हे. मुजफ्फर म्हणतो, "भाईजान, हात सुन्न आहे ना तुमचा? वाडग्याकडे तर बरोबर जातोय." जळतो माझ्यावर.

२ सप्टेंबर. डाव्या हाताने.
ऑपरेशन झालं. फक्त हात बधिर केला, मी टक्क जागा. आधी बोगद्याचं छप्पर कापून नस मोकळी केली. मग आतून काहीतरी पांढरं खरवडून काढलं. ट्रेमध्ये ठेवलं तर ओल्या खडूचा लगदा! मी ओरडलोच, "पावडर! कॅरमची पावडर!" वर्षानुवर्षं कातडीतून मुरत मुरत आत गेली असणार.
डॉक्टर म्हणाल्या, "वहीदसाहेब, पावडर नाही. तुमची कलेजी आहे ही."
मास्कमागे सगळे हसत होते. कॅरम कळत नाही लोकांना.

१७ सप्टेंबर
टाके निघाले. मुंग्या गायब! खात्री करायला बेगमचा गाल चिमटून पाहिला. बोटांना छान कळलं. तिलाही कळलं. दुपारचं जेवण नाही.

२४ नोव्हेंबर
हात नवा कोरा. दुकानात महिनाभर एक बांगडी फुटली नाही. डॉ. सुगुणांना स्पर्धेचं आमंत्रण दिलं, पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलीय. बक्षीस घेतानाचं भाषण पाठ करतोय. त्यांचे आभार दोन वाक्यांत, मुजफ्फरचं सांत्वन तीन वाक्यांत. बेगम म्हणाली, भाषणाऐवजी बोर्डावर बसा जरा. सराव नवशिक्यांनी करावा.

८ डिसेंबर
पहिल्याच फेरीत मुजफ्फर. एकही बोर्ड घेता आला नाही. शेवटी शेवटी राणी पॉकेटच्या तोंडाशी होती, फुंकर मारली तरी गेली असती. माझा स्ट्रायकर गेला.
बोटं सुन्न नव्हती. नेम चुकतोय हे स्ट्रायकर सुटायच्या आधीच तिन्ही बोटांना कळत होतं. दर खेपेला.
मुजफ्फर हसला नाही. वाकून हळूच म्हणाला, "भाईजान, हात दुखतोय का?"
हो म्हणणारच होतो. समोर डॉ. सुगुणा, मांडीवर पर्स घेऊन, माझ्या मनगटाकडे कौतुकाने बघत बसलेल्या.
म्हणालो, "नाही रे. हात उत्तम आहे."