मीही त्यांचा नंबर लावणार

९ नोव्हेंबर १९९४, बुधवार

चौथं पत्र आलं! मिशिगनचं. सहा डिसेंबरला इंटरव्ह्यू! बासष्ट हॉस्पिटलांना अर्ज केले, अठ्ठावन्न ठिकाणी नकार नाहीतर नुसती शांतता, आणि चार बोलावणी. गेल्या वर्षी एकही नव्हतं. प्रितम ऑफिसातून आला तर पत्र दारातच त्याच्या नाकासमोर धरलं. बूट काढायचीही सवड दिली नाही बिचाऱ्याला.

नागपूर सोडून अडीच वर्षं झाली. तेव्हापासून पेशंटला हात लावलेला नाही. टेक्सासातल्या अर्विंगच्या या फ्लॅटमध्ये बसून मी इथल्या सगळ्या परीक्षा दिल्या, पास झाले आणि पोळ्या केल्या. यंदा रेसिडेन्सी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी कोण दारात उभं करणार? 'इतकी वर्षं काय केलंत, डॉक्टर?' – पोळ्या केल्या!

१२ नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा फोन. घसा बसला समजावून सांगता सांगता. जन्मभर पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम केलेला माणूस, पण ही पद्धत काही त्यांच्या डोक्यात शिरेना. म्हटलं, रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलात तीन वर्षं ट्रेनिंग, त्याशिवाय इथे डॉक्टरकी नाही. इंटरव्ह्यू झाले की हॉस्पिटल आपल्याला हव्या त्या डॉक्टरांची यादी करतं, पसंतीच्या क्रमाने. डॉक्टरही हॉस्पिटलांची यादी करतो. दोन्ही याद्या कॉम्प्युटरकडे जातात आणि मार्चमध्ये तो जोड्या लावतो. त्यालाच इथे 'मॅच' म्हणतात.

"म्हणजे तूही त्यांचा नंबर लावतेस?"

"हो, बाबा."

"तू? त्यांचा?"

आणि हसायलाच लागले. मागे आई विचारतेय, काय झालं, काय झालं, तर त्यांना बोलताच येईना.

मला कळलं ते का हसले. मेडिकल कॉलेजच्या बोर्डावर यादी लागली तेव्हा बाबा आणि मी दोघंच बघायला गेलो होतो. माझ्या नावापुढे कंसात दोन अक्षरं होती. पुढची साडेपाच वर्षं लोकांनी आधी ती अक्षरं वाचली, मग नाव. सर्जरीत वर्गात दुसरी आले तेव्हाही. कितवा नंबर, कोणत्या यादीत, कसा काय आला – हे मला विचारायचा सगळ्यांना हक्क! आता मी विचारणार. होऊन जाऊ दे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

शशिकांत काकांकडे जेवण. ते भूल देणारे डॉक्टर, वीस वर्षं झाली टेक्सासात. "आमच्या वेळी काय, डॉक्टर म्हटलं की एअरपोर्टवरूनच उचलून न्यायचे! तुमच्या पिढीचं कठीण आहे बाई." सल्ले ताटभर. नखं काप, टिकली लावू नकोस, 'सर, सर' करू नकोस, कोणी आलं की उभी राहू नकोस.

सुनेत्रा काकूंनी मध्येच विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो गं?" हा प्रश्न मला पाठ आहे. म्हटलं, "आमच्याकडे बसत नाही, काकू." काकूंनी "असं का" म्हणून मला आणखी भात वाढला. प्रितमने टेबलाखालून पाय दाबला. मी कुठे काय बोलले होते!

पण निघताना त्याच काकूंनी आपला काळा कोट आणि स्कर्ट काढून दिला. "इंटरव्ह्यूला साडी नको हं. घे, मला आता होत नाही." बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहतात. तरी घेतला. रागवावं की पाया पडावं, काही कळत नाही या बाईच्या बाबतीत.

६ डिसेंबर, मंगळवार. मिशिगन

मोटेलमधून लिहितेय. बोटं अजून गार आहेत. आज सहा डिसेंबर. बाबा पांढरा सदरा घालून दीक्षाभूमीवर जाऊन आले असतील, आणि मी इथे गुडघाभर बर्फात काकूंचा स्कर्ट सावरत.

लाल विटांचं जुनं हॉस्पिटल. आम्ही सहा जण एका खोलीत ओळीने बसलेलो. आणि व्हायचं तेच झालं! दार उघडलं की मी उभी. चीफ आले, मी उभी. ऑफिस सांभाळणारी डॉली आली, मी उभी. शेवटी एक म्हातारे गृहस्थ टाय लावून आत आले, मी ताडकन उभी राहून "गुड आफ्टरनून, सर!" म्हटलं. त्यांच्या मागून सँडविचची गाडी आली. ते वॉल्टर, किचनमधले. बाकीचे पाच जण खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. सीनियर आला आणि बसून राहिलं तर आमच्याकडे वॉर्डाबाहेर काढायचे – हे यांना कसं सांगू! वॉल्टर मात्र अगदी गंभीरपणे म्हणाले, "गुड आफ्टरनून, डॉक्टर." आणि दोन बिस्किटं जास्त ठेवली.

तीन इंटरव्ह्यू झाले. बरे झाले. तुमचा कमकुवतपणा काय – घोकलेलं उत्तर दिलं.

सगळ्यांत बरा वेळ गेला तो जेवणाचा. तेवढंच काय ते इंटरव्ह्यूमध्ये धरत नसणार. माझ्या शेजारी टेस बसली होती, इथली दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, मूळची मनिलाची. डोळ्यांखाली काळं, पण हसरी. तिने सहज विचारलं, भीती वाटते का? आणि मी, मूर्ख, सगळं सांगून बसले! बोर्डावरची यादी, ती दोन अक्षरं, पोळ्या, आणि हेही की मिळालं तरी कोणीतरी येऊन म्हणेल, कागद दाखव, ही जागा तुझी नाही. प्रितमला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं हे. टेस म्हणाली, "मला पहिलं वर्षभर रोज तेच वाटायचं. तुझं लोणचं खाणार नसलीस तर मला दे." आणि माझ्या सँडविचशेजारची खारवलेली काकडी उचलली. इथलं लोणचं म्हणजे तेच.

मला इथेच यायचंय.

७ डिसेंबर

विमान चार तास लेट. त्या काळ्या कोटावर सँडविचमधला मोहरीचा पिवळा सॉस सांडला. काकूंना काय सांगू!

१० जानेवारी १९९५, मंगळवार

घराजवळच्या हॉस्पिटलातून फोन. इथून गाडीने वीस मिनिटं. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी इंटरव्ह्यू दिला होता. ते म्हणतात, मॅचची वाट कशाला बघता? शुक्रवारपर्यंत करारावर सही करा, जागा तुमची. मॅचमधून नाव काढून घ्यायचं.

जागा माझी! 

मग आठवलं. तिथल्या मुख्य डॉक्टरांनी इंटरव्ह्यूत म्हटलं होतं, "तुम्ही लोक तक्रार करत नाही. म्हणून तुम्ही आम्हाला आवडता." मी हसून मान डोलावली होती. आणि तिथले जे दोन रेसिडेंट भेटले – एक कराचीचा, एक हैदराबादची – त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी विचारलं, कसं आहे इथे? हैदराबादची म्हणाली, "जागा आहे."

१२ जानेवारी, गुरुवार

शशिकांत काका: "अगं, विचार कसला करतेस? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. साइन कर अँड बी डन विथ इट!"

बाबा: "सही करून टाक, बेटा." एवढंच. हसले नाहीत. मी म्हटलं, "मग मला त्यांचा नंबर लावता येणार नाही, बाबा." तर म्हणाले, "ते जाऊ दे. गंमत होती ती."

गंमत!

प्रितमला विचारलं तर तो भांडी घासत होता. म्हणाला, "मी काय सांगू, यार? सही केलीस तर मला झोप लागेल. नाही केलीस तर तुला लागेल." याला लग्नात नकार द्यायला हवा होता. असं खरं बोलणारा माणूस घरात असला की काहीच सोपं राहत नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

नाही केली सही.

चार वाजता फोन केला. "थँक यू, बट नो."  पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्या परिस्थितीतल्या कोणी आजवर नाही म्हटलेलं नाही."

 मग खिचडी खाल्ली आणि नऊ वाजता झोपले. प्रितम म्हणतो, मी घोरत होते! तो जागाच होता म्हणून त्याला कळलं.

बाबांना सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

आता तीनच राहिली. विटांचं, ओहायोतलं तळ्याकाठचं आणि तिसरं, ज्याचं मला पार्किंग सोडून काही आठवत नाही. यादीचा फॉर्म समोर.

काकांचं म्हणणं असं – विटांच्या हॉस्पिटलला अर्ज भरपूर जातात. "पहिला नंबर वाया घालवू नकोस. तळ्याकाठचे तुला नक्की घेतील ना? मग त्यांना पहिला दे. दुसरा नंबर दिलेला त्यांना कळला तर इन्सल्ट वाटेल."

पटलं. अकरावीच्या ॲडमिशनला हेच झालं होतं. मोठ्या कॉलेजला पहिली पसंती दिली, ते मिळालं नाही. दुसऱ्या पसंतीचं कॉलेज म्हणालं, आमच्याकडे पहिल्या पसंतीवाल्यांनीच जागा भरल्या. वर्षभर तिसऱ्या कॉलेजात सायकल मारली. एकदा तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.

तळ्याकाठचं – १. विटांचं – २. लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पाकीट तीन दिवस फ्रिजवर पडून. हात जात नव्हता. शेवटी मॅचच्या ऑफिसला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकली. मग एक बाई आल्या, आवाजावरून साठीच्या. मी काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हनी, तुमच्या देशातून आलेल्यांपैकी निम्मे लोक मला हेच विचारतात. तुम्ही कोणाला कितवा नंबर दिला, हे हॉस्पिटलला कळत नाही. पहिलं नाही मिळालं तर कॉम्प्युटर तुम्हाला दुसऱ्याकडे नेतो, तिथली तुमची जागा कमी होत नाही. तुम्हाला जिथे जायचंय ते वर लिहा. बस."

"बस?"

"बस."

म्हणजे पहिला नंबर वाया जातच नाही! इतकी वर्षं भीतीने याद्या भरल्या. जे मिळेल तेच हवंय, असं स्वतःलाच पटवत आले. एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं.

पाकीट फाडलं. विटांचं – १. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

प्रितमला म्हटलं, मिशिगन लागलं तर तुझ्या नोकरीचं काय? ग्रीन कार्डची फाइल पुन्हा पहिल्यापासून. म्हणाला, "डेट्रॉइटमध्ये काय कॉम्प्युटर नाहीत? तू आधी लाग तर खरी."

२ मार्च

काही नाही. पोळ्या.

१५ मार्च, बुधवार

सकाळी अकराला फोन वाजला. हात कणकेने भरलेले. कोपराने रिसीव्हर उचलला.

"डॉ. लतिका? मी डॉली बोलतेय, मिशिगनहून. बर्फात चालायचे बूट घेऊन या."

विटांचं! विटांचं!! मी ओरडले, मग रडले, मग डॉलीला म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. सवयीची असावी. फोन अजून कणकेने चिकट आहे, पुसावासा वाटत नाही.

  प्रितम ऑफिसातून दुपारीच पळून आला, दारात बूट न काढताच उचललं त्याने मला. काकूंना फोन केला तर त्याही रडल्या. म्हणाल्या, "तो कोट आता तुलाच ठेव गं, लकी आहे." मोहरीचा डाग आहे, असं कबूल केलं. "असू दे मेला!" म्हणाल्या.

नागपूरला रात्र. तरी उठवलं. बाबांना सगळं सांगितलं, सही केली नव्हती तेही. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "कितवा नंबर?"

"पहिला. माझ्या यादीतला."

म्हणाले, "पुन्हा म्हण."

२ जुलै, रविवार

पहिला दिवस. छत्तीस तास. पाय सुजलेत. तक्रार केली! मोठ्याने केली. कोणी काही म्हटलं नाही.

१५ नोव्हेंबर १९९५, बुधवार

इंटरव्ह्यूला आलेल्यांबरोबर आज जेवायची पाळी माझी होती. पाच जण. वॉल्टर गाडी घेऊन आले, तशी कोपऱ्यातली एक बाई उठून उभी राहिली. कोट कोणाचा तरी मागून आणलेला. मी तिच्याच शेजारी बसले. लाहोरची, आठ वर्षं घरी होती, दोन मुलं. तिने मला बरंच काही सांगितलं. सांगू नये ते.

जेवण झाल्यावर डॉलीने हातात कागद दिला. प्रत्येकाच्या नावापुढे एक ते दहा गुण लिहायचे, आणि खाली शेरा. मी म्हटलं, जेवणाचाही कागद असतो? "नेहमीच असतो, डिअर. चीफ आधी तोच वाचतात."

टेसला गाठलं. ती हसली. "तुला दहा दिले होते. शेरा विसरले मी. वॉल्टरविषयी काहीतरी होतं."

कागद घरी घेऊन आलेय. पाच नावं. नुसती नावं, पुढे कंस नाही की अक्षरं नाहीत. आणि आता नंबर मी लावायचाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तासभर झाला, पेन उघडून बसलेय.