सगळ्यांचा आवाज एकसारखा

अप्पा, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर परवा दुरुस्त होऊन आला. भिंगारच्या आपल्या घरात आता मी एकटीच असते. यांना जाऊन वर्ष झालं, लेक पुण्याला. तिने मोबाईल अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची एक छोटी डबी पाठवली. पण मोबाईलचा आवाज अगदीच बारीक, म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरचं मोठं बटण वाढवलं आणि गाणं संपल्यावर ते तसंच ठेवून त्यालाच जोडलेल्या रेडिओवर गेले. बातम्या सांगणारी बाई एकदम अंगावर ओरडली. मी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे दचकायला कोणी नव्हतं.

तुम्ही लष्कराच्या डेपोत कारकून होतात. बदलीवर निघालेल्या एका मेजरसाहेबांनी सामान विकायला काढलं, त्यातून अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर आणलात. रेडिओ आणि टेप मागाहून जोडले. टेप आला त्या रविवारी तुम्ही रेकॉर्ड थांबवून टेप लावलात आणि भिंती हादरल्या. आई चुलीवरून दूध उतरवत होती. तुम्ही धावता, मागून मी. दूध तिच्या पायावर सांडलेलं, पातेलं अजून जमिनीवर गरगरतंय. सरावाच्या रेंजवर तोफा धडधडत असताना निवांत भाकरी थापणारी आई थरथर कापत होती. पायावर पाणी ओतून घेताना म्हणाली, "तोफंची सवय हाय मला. पन घरातलंच आसं अंगावर यायला लागलं तर कुटं जायाचं? ते तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी."

तिच्या पायाला मलम लावलंत आणि दुपारी मला तिच्याशेजारी बसवून बाहेरच्या खोलीत गेलात. "रेकॉर्डला आवाजाचं स्वतःचं बटण नाही," तिथून ओरडून सांगितलंत, "तिच्याएवढंच बाकीच्यांनी बोलायचं." मग थोडी रेकॉर्ड, थोडा टेप. "आता?" तुम्ही विचारता. "टेप जास्त आहे!" मी ओरडते. तुम्ही टेपचं बटण जरासं कमी करता, परत रेकॉर्ड, परत टेप. मग रेडिओच्या पाठीमागचं बटण. मी बरोबर म्हटलं तरी तुमचं समाधान होत नव्हतं. "आईला विचार," म्हणत होतात. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. ऊन कलल्यावर कधीतरी ती हळूच म्हणाली, "आता कवा बदाललं, कळलंच न्हाई." तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. सेट घरात राहिला, आईही.

काल मीही तसंच करायला बसले. मोबाईल सगळ्यांत हळू, म्हणजे रेडिओला त्याच्यापर्यंत खाली आणायचं. पण बटण फिरवून स्वयंपाकघरात जाऊन ऐकायचं आणि परत यायचं, तोवर आधीचा आवाज कानातून गेलेला. शेजारच्या सूनबाईला बोलावलं. "काकू, मला तर दोन्ही सारखंच वाटतंय," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी ऐकून पळाली. तरी संध्याकाळपर्यंत जमवलं, अप्पा. गाण्यावरून बातम्यांवर गेले तर काहीच जाणवलं नाही. घर नुसतं सपाट, शांत.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. आज सकाळी मी रेडिओचं बटण पुन्हा थोडं वाढवून ठेवलं. रेडिओ लावला की कोणीतरी एकदम मोठ्याने बोलतं, मी दचकते. घरात माझ्याशिवाय आणखी कोणी आहे, असं तेवढंच वाटतं.