नरहरनं पाय धरल्याशिवाय जॉइन होणार नाही

४ ऑगस्ट २००३, सकाळी
पेपरात नोटीस. आमच्या ऑफिसातून ज्यांनी मुदतीआधी रिटायरमेंट घेतली त्यांनी परत यावं म्हणे. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं, टेबलं भरपूर, माणसं कमी. जॉइन व्हायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट, संध्याकाळी पाच.
आता आठवण आली काय बे! दोन वर्षांआधी हेडक्लर्कची खुर्ची नरहरले दिली तेव्हा मी, यशवंतराव, दिसलो नाही कोणाले. फायलींचा बस्ता कसा बांधायचा, लाल कपड्याले गाठ कशी मारायची, हे ज्याले मी हात धरून शिकवलं, त्याच्या हाताखाली मी बसू? तडकाफडकी लिहून दिलं अन् घरी आलो.
संकल्प: नरहर स्वतःहून तात्यापाऱ्यात आमच्या घरी येईल, पाय धरेल, तरच जॉइन. नाहीतर बसा बोंबलत.

५ ऑगस्ट
आला नाही. लाजत असेल.

६ ऑगस्ट
इस्त्रीचा शर्ट घालून आठ वाजतापासून समोरच्या खोलीत. एकदा दार वाजलं. गॅसवाला.

९ ऑगस्ट
नरहर नाही, पण ऑफिसातला दुकालू चपराशी आला. म्हणे, बडे बाबूचं, म्हणजे नरहरचं, प्रमोशन अडकलं आहे, सर्व्हिस बुकच सापडत नाही. दोन वर्षांपासून शोधून राहिले. आपको कुछ याद है क्या?
मी भोळा चेहरा केला. दुकालूले दुसरा कप चहा दिला, वरून बिस्किट.
हे फक्त इथे लिहितो. शेवटच्या दिवशी सारे जेवायले गेले तेव्हा मी रेकॉर्ड रूममधल्या बस्त्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. अभनपुर गावाची बीरगांवले, कॅन्टीनची अभनपुरले, सर्व्हिस बुकांची भलतीकडेच, हाती येईल तशी. एकूण तीनशे बारा बस्ते. शोध म्हणा लेका आता! काळीज थंड झालं.

१४ ऑगस्ट
शारदाचा आवाज चढला. म्हणते, दोन वर्षं झाली, माझ्या डाळीच्या डब्यांवर नंबर टाकून राहिले, मले विचारल्याशिवाय जिरं इकडचं तिकडं करून राहिले. ऑफिसात जा नाहीतर मी माहेरी जातो. मीनल पोट्टी हिंदीतून म्हणे, पापा, प्लीज़ चले जाइए, मम्मी पागल हो जाएगी.
घरच्यांच्या दबावाले मी भीक घालत नाही. पण विचार केला, बदला जवळून पाहण्यात जास्त मजा. सोमवारी जातो.

१८ ऑगस्ट
नरहर खुर्चीवरून उठला! या भाऊ, म्हणे. घाबरला आहे. फॉर्म दिला, पंखा माझ्याकडे फिरवला. मग म्हणे, तुमचं ओरिजिनल सर्व्हिस बुक पाहिल्याशिवाय जॉइनिंग होत नाही, वरचा नियम आहे. अन् ते तर रेकॉर्ड रूममध्येच.
मी म्हटलं, काढ की मग.
तो म्हणे, भाऊ, दोन वर्षांपासून मी माझंच काढून राहिलो.
पाणी मागवलं. प्यालो. आणखी मागवलं.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी
घाबरायचं कारण नाही. कोणती चिठ्ठी कुठे लावली याची यादी मी केली होती. पुरावा नको म्हणून त्याच दिवशी फाडली. हुशारी म्हणतात याले.

२१ ऑगस्ट
रेकॉर्ड रूम. तिथे खुर्ची नाही, कोपऱ्यातल्या ‘कॅन्टीन बिलं’ बस्त्यावर बसून डबा खाल्ला. गाठी सुटत नाहीत. माझ्याच आहेत, सुटणार कशा! दोन नखं गेली. दुकालू गाठ ओढत म्हणे, कोन बांधे हे एला? मी म्हटलं, असेल कोणी पाजी माणूस.
साठ बस्ते झाले.

२५ ऑगस्ट
एकशे नव्वद. शारदा डब्यात रोज दोन पोळ्या जास्त देऊन राहिली, खुश आहे. तिले वाटते जॉइन झालो.

२८ ऑगस्ट
‘बीरगांव’मध्ये ‘न’ची सर्व्हिस बुकं निघाली. सर्वांत वर नरहरचं.
देवा, हाती काय दिलंस! बदल्याचा असा मोका परत नाही. संकल्प: हा बस्ता परत बांधायचा अन् सर्वांत खाली दाबायचा. गाठ मारतच होतो, तर दारात नरहर. भाऊ, सापडलं? म्हणत तिथेच वाकला अन् माझे पाय धरले. डोळ्यांत पाणी त्याच्या.
मी आशीर्वाद देऊन बसलो. तोंडातून निघून गेला, अन् हातातून त्याचं बुकही.

२९ ऑगस्ट
दुपारी तीन. ‘य’च्या बस्त्याचा, म्हणजे माझ्या बुकाचा, पत्ता नाही.
साडेचार. तीनशे अकरा झाले. घाम.
पाच. नरहरनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रजिस्टर बंद केलं. नियम आहे भाऊ, म्हणे.
पाच वाजून दहा मिनिटं. दुकालूनं झाडू मारायले मले उठवलं. ज्यावर आठ दिवस डबा खाल्ला तोच बस्ता राहिला होता. उघडला. माझं सर्व्हिस बुक वरच. वरणाचा डाग आतपर्यंत गेला आहे.

१ सप्टेंबर
नरहरचं प्रमोशन झालं. पेढे घेऊन आला. तात्यापाऱ्यात, आमच्या घरी, स्वतःहून. परत पाय धरले. सारं ठरवल्यासारखंच झालं.
शारदानं पेढा खात विचारलं, उद्या डबा किती वाजता करू?
तिले अजून सांगतलं नाही. नऊ म्हटलं.