वायरच्या खालच्या टोकाकडून

६ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण तुमच्या टेकडीवर केबलसाठी चर खणून कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यावर भागवून घ्या. अक्षर मोठं दिसेल. पेन नवीन आहे, अजून हाताला बसलेलं नाही.

केबल शेवटी खाली कार्यालयात पोचली. तुमच्या हवामान केंद्रातलं वारं, ऊन, पाऊस आता आपोआप माझ्या टेबलावरच्या पडद्यावर उमटतं. साहेब खूश आहेत. तुम्ही मात्र निघताना म्हणालात, "मुंगे, वायरला काय कळतेय थंडी?" आणि आत जाऊन दार लोटलंत. ते मनातून जात नाही.

केबलचा झाडाखालचा जोड मी दोनदा का उकरला, असं तुम्ही विचारलं होतंत. मी उंदरांवर ढकललं. उंदीर बिचारे निर्दोष आहेत. नवं यंत्र बसवलं की काही दिवस जुन्या थर्मामीटरचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे, ही आमची रीत. ते जुळेनात. कधी अंशभर वर, कधी खाली. साहेब म्हणाले, "वाचणाऱ्याची नजर तपासा." मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझे बाबा आयुष्यभर पारा वाचतायत, तुमच्या यंत्राचे अजून दुधाचे दात पडायचेत. आणि जोडात पाणी शिरलं असणार म्हणून पुन्हा खणायला बसले. जोड कोरडा ठणठणीत होता. तुम्ही चुकाल हे माझ्या डोक्यातच येईना.

शेवटच्या सकाळी आकडा सांगून तुम्ही चहा ठेवायला गेलात, तेव्हा मी थर्मामीटरच्या पेटीचं दार परत उघडून पाहिलं. यंत्र बरोबर होतं, बाबा.

पेन जुनंच आहे.

मग एकेक आठवत गेलं. चहात दोनदा पडलेली साखर. बटण लावायला माझ्याकडे दिलेला सदरा. पायानं चाचपून ओलांडलेला उंबरा. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू असावा, वेळेत काढला तर छान दिसेल, लांबवू नका. तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे, "केंद्र सोडून येऊ कसा?" आता या. तुमचं केंद्र वायर सांभाळेल आणि तिचं खालचं टोक माझ्यापाशी आहे. टेबलाजवळ तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवली आहे.

तुम्हाला घरी बसवायला मी ती वायर ओढली, असं मनात आणू नका. जुनी पेटी मी काढू दिलेली नाही. यंत्र खरं बोलतंय का हे बघायला माणूस लागतोच, आणि डोळे बरे झाले की ते काम तुमचंच, हे साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

हे पत्र दूधवाल्या मामांकडून वाचून घेऊ नका. उन्हात बसून, थोडं थोडं करत, स्वतः वाचा. रविवारी मी वर येतेय. सामान बांधून ठेवा, नाहीतर मी बांधीन आणि मग तुम्हाला काहीच सापडणार नाही.

लहानपणी तुम्ही मला उचलून पेटीसमोर धरायचात. म्हणायचात, "श्वास रोख, डोळा पाऱ्याच्या रेषेत आण." रविवारचा आकडा मी वाचेन. तुम्ही नुसते माझा हात धरून शेजारी उभे राहा.

तुमच्या कडेवर बसून पारा वाचायला शिकलेली,
मुंगी