अठ्ठावीस फुटांवरचा माणूस

सोमवार

पोचलो एकदाचा! नवं गाव, नवी नोकरी, आणि वय वर्षं एकाहत्तर. लेकीचं म्हणणं, बाबा, तुमचे डोळे गेलेत, आता गप घरी बसा. मी म्हटलं, लावतेस पैज? शुक्रवारी ती स्वतः येऊन बघणार. तोवर इथला कॅमेरा नीट झाला नाही, तर मुकाट्याने तिच्याबरोबर परत.

स्टुडिओ म्हणजे सोळा फुटांची खोली, भिंतींना काळा फोम. कॅमेऱ्याचं दुखणं जुनंच: झूम पूर्ण ओढला की चित्र भुरकट. मालकीणबाईंनी सांगितलं, आधीचा तंत्रज्ञ भर दुपारी कॅमेरा चालू ठेवूनच कुठेसा निघून गेला. डबासुद्धा न्यायला आला नाही.

मंगळवार

लांबच्या झूमची जुळणी करायची तर रेघांचा तक्ता लांब ठेवावा लागतो, आणि खोली तर काडेपेटीएवढी. आधीच्या गड्याने झकास युक्ती केलीय. समोरच्या भिंतीवर आरसा! तक्ता कॅमेऱ्याशेजारीच ठेवायचा आणि आरशातून बघायचा. जायचे चौदा, यायचे चौदा, झाले अठ्ठावीस फूट. वा रे पठ्ठ्या!

कॅमेऱ्यामागे दोन फुटांवर भिंत. तिथला फोम सुटलाय, खाली पेन्सिलीने आकडे: २८, २९, ३१, ३३, ३६. कसले, देव जाणे.

फोकसची, फुटांचे आकडे कोरलेली कडी फिरवताना शाळेतली कविता चालीवर गुणगुणत होतो. कवितेचा तास दुपारचा असायचा. उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारा खडूचा धुरळा मला अजून कणाकणाने दिसतो. डोळे गेलेत म्हणे!

बुधवार

तक्ता अठ्ठावीसवर लख्ख. सहज कडी पुढे नेली, तर छत्तीसवर आणखी काहीतरी स्पष्ट झालं. एक माणूस. हातात मोजपट्टी.

मागे वळलो. नुसती भिंत. छत्तीस म्हणजे तर भिंतीच्या आत सहा फूट!

मालकीणबाईंना हाक मारली. कॅमेऱ्याला डोळा न लावताच म्हणाल्या, आजोबा, चष्मा बदला. झोंबलं. आता तर मी इथून हलतच नाही.

दुपारी तो तेहतीसवर होता.

गुरुवार, सकाळ

तो एकतीसवर. लेन्स चुकतेय का, हे बघायला तक्त्याशेजारी स्वतः उभा राहिलो आणि छोट्या पडद्यावर आपलाच चेहरा जुळवला. अठ्ठावीसवर यायला हवा होता. एकोणतीसवर आला. मोजपट्टी तीनदा लावली. पट्टी म्हणते अठ्ठावीस.

धीर यावा म्हणून कविता म्हणू लागलो. मधेच ओळ विसरलो. पुढची ओळ त्याच्या ओठांवर हलली.

गुरुवार, दुपार

मी एकतीस. तो एकोणतीस.

पाठीमागे हात नेला. भिंत लागत नाही.

पेन्सिलीचे आकडे आता कळले. त्याचेच होते, त्या आधीच्या तंत्रज्ञाचे. असाच पावलापावलाने मागे गेला बिचारा, आणि आता माझ्या जिवावर पुढे येतोय. ये. मीही जुना खोडकर आहे. मोजणं सोडणार नाही. हात पुढे करून भिंतीवर त्याच्या आकड्यांखाली माझे लिहिलेत, ठळक.

शुक्रवार

मी तेहतीस. तो अठ्ठावीसवर, लख्ख. तक्त्याशेजारी, माझ्या जागी. मी भुरकट—

हात मात्र अजून खोलीत पोचतो. वही आहे. मोजपट्टीचा लोखंडी डबा आहे.

जुळणी चोख झालीय. पैज मी जिंकलोय. लेक येईल, आरशात बघेल, कबूल करेल. पण बघायला ती त्या तक्त्याशेजारीच उभी राहणार. मग मी पुढे, आणि ती—

छट्!

आरसा फुटला तर माझी परतीची वाट गेली. पुरावाही गेला. जाऊ दे.

बाहेर तिची चप्पल. विचारतेय, बाबा, झालं का काम? तो माझ्या आवाजात म्हणतोय, ये, बघ—

नाही बघायचं. डबा उचललाय. आरशावर नेम धरलाय, तेहतीसच्या खुणेवरून. पोरी, तू मला आंधळा म्हण खुशाल. पण हा नेम चुकणार नाही, माझे डोळे अजून—